मामाची काळी लघवी आणि एका एन्झाइमचं चित्र

पावसाळा सुरू झाला की मला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न असतो. “डॉक्टर, मलेरिया निघाला ना रिपोर्टमध्ये? मग गोळ्या द्या. ही आणखी एक रक्ताची तपासणी कशाला?”

ती तपासणी असते ‘जी-६-पीडी’ची. ती कशाला, याचं एका वाक्यातलं उत्तर मी ओपीडीत देतोच. पण त्यामागे जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या महाराष्ट्रातलं कल्याणही येतं. तो इतिहास आज सांगतो. सुरुवात मात्र माझ्या एका चुकीपासून करावी लागेल.

हिंगण्यात दवाखाना सुरू करून मला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. एमआयडीसीत वेल्डिंगचं काम करणारा बावीस वर्षांचा एक मुलगा थंडी वाजून ताप येतो म्हणून आला. त्याचं गाव गडचिरोलीकडचं, नुकताच घरी जाऊन आलेला. रक्तात व्हायवॅक्स मलेरिया निघाला. मी नियमाप्रमाणे क्लोरोक्विन दिलं आणि सोबत चौदा दिवसांचं प्रायमाक्विन लिहिलं. चौथ्या दिवशी त्याची आई त्याला धरून घेऊन आली. डोळे पिवळे, चालताना धाप, आणि लघवी काळ्या चहासारखी.

आई म्हणाली, “डाक्टरसाहेब, याच्या मामाले बी असंच झालतं. तापाच्या गोया घेतल्या अन् लघवी काळी झाली.”

मुलाला नागपूरला दाखल करावं लागलं, रक्त चढवावं लागलं. तो बरा झाला. पण मामाची गोष्ट त्या घरात सगळ्यांना माहीत होती. मी फक्त विचारलं नव्हतं.

औषध चांगलं, तरी रक्त का फुटतं?

व्हायवॅक्स मलेरियाचा जंतू मोठा चिवट. रक्तातले जंतू मेले तरी काही जंतू यकृतात निजून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. यकृतातल्या या निजलेल्या जंतूंना मारणारी औषधं फार थोडी आहेत. त्यांतलं पहिलं पामाक्विन. ते जर्मनीत तयार झालं आणि १९२६ च्या सुमारास वापरात आलं. थोड्याच दिवसांत डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही रुग्णांची लघवी या औषधाने काळी होते आणि रक्त झपाट्याने उतरतं. भारतातल्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनीही १९३० च्या दशकात हे पाहिलं. बहुतेकांना काही होत नव्हतं, मोजक्यांचं रक्त फुटत होतं. कारण कुणालाच सांगता येईना.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सैनिक मलेरियाने आजारी पडू लागले, तेव्हा नव्या औषधांचा मोठा शोध सुरू झाला. त्यातून प्रायमाक्विन मिळालं. त्याच्या बऱ्याच चाचण्या इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात, कैद्यांवर झाल्या. कैद्यांनी संमती दिली होती, असं तेव्हा सांगितलं गेलं. तुरुंगातल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, यावर वैद्यकाच्या जगात पुढे पुष्कळ वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. आज आपण ज्या माहितीवर औषध देतो, तिची किंमत त्या माणसांनी मोजली आहे.

त्याच तुरुंगात १९५४ मध्ये एक निर्णायक प्रयोग झाला. ज्यांचं रक्त प्रायमाक्विनने फुटतं त्यांच्या तांबड्या पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण केली आणि त्या पेशी निरोगी माणसाला चढवल्या. मग त्या निरोगी माणसाला प्रायमाक्विन दिलं. त्याच्या स्वतःच्या पेशी शाबूत राहिल्या, पाहुण्या पेशी फुटल्या. उलट प्रयोगात निरोगी माणसाच्या पेशी त्या ‘नाजूक’ माणसाच्या शरीरातही टिकल्या. म्हणजे दोष औषधात नव्हता, यकृतात नव्हता, आहारात नव्हता. दोष तांबड्या पेशीच्या आत होता.

दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, शिकागो विद्यापीठाच्या कार्सन आणि सहकाऱ्यांनी तो दोष शोधला. त्या पेशींमध्ये एक एन्झाइम फार कमी होतं. त्याचं नाव ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, म्हणजेच जी-६-पीडी.

हे एन्झाइम करतं काय?

हिंगण्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना गंज म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. लोखंडाला हवा-पाणी लागलं की ते गंजतं. म्हणून आपण प्रायमर मारतो, रंग देतो.

तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं, त्यात लोह असतं आणि ती पेशी दिवसभर ऑक्सिजनच वाहत असते. तिथे गंजण्यासारखी क्रिया सतत होऊ पाहते. तिला आवरण्यासाठी पेशीजवळ ग्लुटाथायोन नावाचं रसायन असतं. ते वापरलं गेलं की पुन्हा ताजं करावं लागतं आणि त्यासाठी एनएडीपीएच लागतं. तांबड्या पेशीत हे एनएडीपीएच मिळण्याची मुख्य वाट एकच, साखरेपासून, जी-६-पीडीच्या हातून.

शरीरातल्या इतर पेशींकडे दुसरे मार्ग असतात. शिवाय त्या नवीन एन्झाइम बनवू शकतात. तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं. जन्माच्या वेळी जे एन्झाइम मिळालं, त्यावरच तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात. एरवी कमी एन्झाइमवरही तिचं भागतं. पण प्रायमाक्विनसारखं औषध आलं की ‘गंजा’चा मारा एकदम वाढतो आणि जुन्या पेशी फुटू लागतात. त्यातलं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं, म्हणून लघवी काळी. कावीळ आणि धाप त्याच्याच पाठोपाठ येतात.

मुंबई, कल्याण आणि जंगलातली गावं

१९५६ नंतर जगभर शोध सुरू झाला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत बक्षी, संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली आणि पारशी समाजात ही कमतरता बरीच आढळते हे दाखवलं.

त्या काळी जीन वाचण्याची सोय नव्हती. प्रयोगशाळेत एन्झाइम वेगळं काढायचं, ते विद्युतक्षेत्रात किती वेगाने सरकतं ते बघायचं, तापवल्यावर किती टिकतं ते मोजायचं, साखरेला किती घट्ट धरतं ते तपासायचं. आकडे वेगळे आले की नवा प्रकार समजायचा आणि त्याला गावाचं किंवा प्रदेशाचं नाव द्यायचं. अशा नावांची यादी शेकड्यांत गेली.

१९८४ मध्ये ईश्वाद आणि नाईक या संशोधकांनी एका कोळी कुटुंबात असाच नवा प्रकार नोंदवला आणि त्याला नाव दिलं ‘जी-६-पीडी कल्याण’. जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत आपल्या कल्याणचं नाव असं गेलं. त्याआधी १९६८ मध्ये ‘जी-६-पीडी केरळ’ नावाचा प्रकार नोंदला गेला होता. दोन्हींचे आकडे वेगळे, म्हणून दोन नावं.

पुढे १९८६ मध्ये या एन्झाइमचा जीन वाचता आला. हे प्रथिन ५१५ अमिनो आम्लांची एक लांब साखळी आहे. मग १९९२ मध्ये कल्याण आणि केरळ या दोन्ही प्रकारांचे जीन तपासले गेले, तेव्हा गंमत झाली. दोन्हींत बदल एकच निघाला: ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. एकावर ऋण भार, दुसऱ्यावर धन भार. दोन प्रयोगशाळांनी एकाच दोषाला दोन नावं दिली होती. आज पुस्तकांत ‘केरळ-कल्याण’ असं एकत्र लिहितात.

१९९५ मध्ये आणखी एक महत्त्वाचा प्रकार सापडला, ‘जी-६-पीडी ओरिसा’. यात ४४ व्या जागी अलानिनऐवजी ग्लायसिन असतं. भारतातल्या आदिवासी समाजांमध्ये या कमतरतेचं मुख्य कारण हाच प्रकार आहे असं दिसलं. शहरी लोकांमध्ये जास्त आढळला तो ‘मेडिटरेनियन’ प्रकार, १८८ व्या जागचा.

आपल्यासाठी ही माहिती का महत्त्वाची, ते लक्षात आलं असेल. महाराष्ट्रात मलेरियाचा जोर सर्वांत जास्त गडचिरोली जिल्ह्यात. म्हणजे प्रायमाक्विनची गरज जिथे मोठी, तिथेच ते न सोसणारी माणसंही असण्याची शक्यता जास्त. हा योगायोग नाही. या कमतरतेने मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं असं मानलं जातं, म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा जीन टिकून राहिला. विदर्भातला सिकलसेलही असाच टिकला.

खडीसाखर आणि क्ष-किरण

आता ४४, १८८, ३१७ हे क्रमांक कळले. पण साखळीतल्या मण्याचा क्रमांक कळला म्हणजे दोष समजला असं होत नाही. ही साखळी सरळ नसते. ती गुंडाळून, घड्या पडून तिचा एक ठरावीक आकार होतो. ४४ वा मणी त्या आकारात कुठे येतो, तिथे काय काम चालतं, हे कळायला चित्र हवं. आणि इतकी बारीक वस्तू कुठल्याही साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही.

त्यासाठी स्फटिक करावा लागतो. खडीसाखर कशी होते आठवा: साखरेचा घट्ट पाक, त्यात दोरा, आणि काही दिवस न हलवता ठेवणं. साखरेचे कण एकाच शिस्तीत एकमेकांवर बसत जातात. प्रथिनाचाही स्फटिक साधारण असाच मिळवतात, फक्त ते फार हट्टी असतं. कधी महिने जातात, कधी मिळतच नाही. मिळाला की त्यावर क्ष-किरण सोडतात. किरण विखुरतात आणि ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या हजारो ठिपक्यांच्या तीव्रतेवरून गणिताने अणूंच्या जागा काढतात.

या विद्येतलं मोठं नाव ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन यांचं. इन्सुलिनच्या स्फटिकाचा पहिला क्ष-किरण फोटो त्यांनी १९३० च्या दशकात काढला आणि त्याची रचना पूर्ण उलगडली १९६९ मध्ये. त्या १९६९ च्या शोधनिबंधावर दोन तरुण नावं होती. एक मार्गारेट ॲडम्स. दुसरं भारतातून गेलेले एम. विजयन, ज्यांनी पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परतून आपल्या देशात प्रथिनांच्या स्फटिकांचा अभ्यास उभा केला.

मार्गारेट ॲडम्स यांनी जी-६-पीडी हातात घेतलं. १९९४ मध्ये त्यांच्या गटाने पहिली रचना काढली ती माणसाच्या एन्झाइमची नव्हती, ल्युकोनोस्टॉक नावाच्या जिवाणूच्या एन्झाइमची होती. हा जिवाणू तुमच्या ओळखीचा आहे; इडलीचं पीठ फुगवणाऱ्यांपैकी तो एक. त्यावरून माणसाच्या एन्झाइमचा अंदाज बांधता आला, पण अंदाजच.

अखेर २००० मध्ये ॲडम्स, शॅनन औ, शीला गोव्हर आणि व्हेरोनिका लॅम यांनी माणसाच्या जी-६-पीडीची रचना प्रसिद्ध केली. विशेष म्हणजे ती निरोगी एन्झाइमची नव्हती. चीनमध्ये आढळणाऱ्या ‘कँटन’ या दोषी प्रकाराची होती, ज्यात ४५९ वा मणी बदललेला असतो. चित्राचा बारीकपणा ३ अँगस्ट्रॉम. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. १९२६ मध्ये पडलेल्या कोड्याला चेहरा मिळायला चौऱ्याहत्तर वर्षं लागली.

चित्रात काय दिसलं?

पहिली गोष्ट: हे एन्झाइम एकटं काम करत नाही. दोन साखळ्या एकमेकींना चिकटून जोडी होते आणि अशा दोन जोड्यांचा चौकडाही बनतो. जोडी सुटली की काम बंद.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या एन्झाइमला काम करताना एनएडीपीचा रेणू लागतो हे ठाऊक होतं. त्याच्याशी एनएडीपी घट्ट चिकटून असतो, हेही आधीच्या प्रयोगांवरून माहीत होतं. चित्रात दिसलं की कामाच्या जागेपासून दूर, जोडीच्या सांध्याजवळ, एनएडीपीचा आणखी एक रेणू बसलेला आहे. तो रासायनिक कामात भाग घेत नाही. खाटेच्या सांध्यात पाचर ठोकावी तसा तो नुसता आधार देतो.

आता वेगवेगळ्या प्रकारांचा उलगडा होऊ लागला. ज्यांना औषध न घेताही जन्मभर रक्तक्षयाचा त्रास होतो, अशा सर्वांत गंभीर रुग्णांतले पुष्कळसे बदल याच पाचरीच्या आणि सांध्याच्या आसपास दाटीने आढळले. तिथे धक्का लागला की अख्खी खाटच डुगडुगते; १२० दिवस टिकणं दूरच. ‘ओरिसा’चा ४४ वा मणी मात्र कामाच्या जागी, जिथे एनएडीपी धरला जातो त्या भागात येतो. तिथे दोष पकडीचा असतो: हे एन्झाइम एनएडीपीला निरोगी एन्झाइमपेक्षा बरंच सैल धरतं.

म्हणून ‘कमतरता’ हा शब्द थोडा फसवा आहे. शरीर एन्झाइम बनवतच नाही, असं सहसा नसतं. ते बनतं; पण कुणाचं लवकर मोडतं, कुणाची पकड सैल असते. दोष साखळीत कुठे आहे त्यावर त्रास किती होणार ते बरंचसं ठरतं. एकाच नावाचा रिपोर्ट असलेले दोन रुग्ण एकाच गोळीला वेगळे प्रतिसाद देतात, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे.

चित्राचा आणखी एक उपयोग होतो आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी एक छोटा रेणू शोधला, जो या एन्झाइमची जोडी टिकवायला मदत करतो आणि ‘कँटन’ प्रकाराचं काम सुधारतो. तो अजून प्रयोगशाळेतच आहे. औषध म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका. पण सांध्याची जागा दिसली म्हणून तिथे आधार देण्याचा विचार तरी करता आला.

तुम्ही काय करायचं?

पहिलं, घाबरायचं नाही. जगात सुमारे ४० कोटी लोकांना ही कमतरता आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. टाळायच्या गोष्टी टाळल्या की पुरतं.

- व्हायवॅक्स मलेरिया निघाला तर प्रायमाक्विन सुरू करण्यापूर्वी जी-६-पीडी चाचणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. कमतरता असली म्हणजे उपचारच नाहीत असं नाही. आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देण्याची पद्धत आहे. ते डॉक्टरांनीच ठरवायचं.
- गोळ्या सुरू असताना लघवी काळी किंवा लालसर झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली, तर गोळी लगेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे या. “कोर्स पूर्ण करायचा असतो” हा नियम इथे लागू नाही.
- रक्त फुटत असतानाच चाचणी केली तर ती खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते, कारण जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि उरलेल्या नव्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. अशा वेळी साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.
- कमतरता असेल तर त्याची नोंद असलेला कागद पाकिटात ठेवा. डॅप्सोन, नायट्रोफुरँटॉइन अशी आणखी काही औषधंही धोक्याची ठरू शकतात. सिकलसेल असलेल्यांनाही ही कमतरता सोबत असू शकते.
- घरात तान्हं बाळ असेल तर पेटीत डांबर गोळ्यांसोबत ठेवलेले कपडे, दुपटी त्याला वापरू नका. बाळाला मेंदीही लावू नका. कमतरता असलेल्या बाळांचं रक्त यांनी फुटल्याच्या नोंदी आहेत. नवजात बाळाची कावीळ जास्त वाढली तर ही चाचणी करून घ्या.
- ‘शेंगा खाऊ नका’ असं इंटरनेटवर वाचून पुष्कळ जण आपला वाल, पावटा बंद करतात. धोका आहे तो बाकल्याच्या बियांचा, ज्याला इंग्रजीत फावा म्हणतात. आपला वाल वेगळ्या झाडाचा.

आणि शेवटचं, मामाबद्दल. हा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळतं, त्यामुळे ही कमतरता वडिलांकडून मुलाकडे जात नाही. आई स्वतः ठणठणीत असूनही तो जीन तिच्याकडून मुलात येऊ शकतो, आणि तिच्या भावातही तो असू शकतो. म्हणून मुलाच्या तपासणीत मामाची चौकशी करायची. बायकांनाही ही कमतरता असू शकते, पण पुरुषांमध्ये ती जास्त उघडी पडते.

त्या मुलाची आई शाळेत फारशी गेली नव्हती. तिला एन्झाइम ठाऊक नव्हतं, एक्स गुणसूत्र ठाऊक नव्हतं. पण मुलाचा आणि मामाचा आजार एकच आहे, हे तिने बरोबर ओळखलं होतं. आता माझ्या केसपेपरवर मलेरियाच्या प्रत्येक रुग्णासाठी एक ओळ असते: ‘तापाच्या गोळीने घरात कुणाची लघवी काळी झाली होती का? मामा, मावसभाऊ?’ डॉक्टर विचारायला विसरले, तर तुम्ही स्वतःहून सांगा.